दगडाबाईचा टाक

भादव्याचं ऊन सकाळीच अंगाला चिकटायला लागलं होतं. आठ दिवस पाऊस नव्हता. काळ्या रानातून वाफ निघत होती, आणि बोरथडीच्या गल्लीतला चिखल वरून वाळून पापुद्रा धरलेला, पाय ठेवला की खालून पुन्हा वर येणारा. कडूबाई कासारीण ओसरीवर पाय पसरून बांगड्या ओवत होती. अडीचच्या मापाच्या एका दोरीत, पावणेतीनच्या दुसऱ्या दोरीत. मधेच एखादी बांगडी नखानं वाजवून बघायची. चांगली बांगडी किणकिणते, तडा गेलेली खडखडते. हे ओळखायला तिला डोळे लागत नसत.

तिचा नवरा भुजंग दम्याचा माणूस. खांबाला पाठ लावून बसायचा आणि श्वास पुरेल तेवढं बोलायचा.

"पितरांत कोन भरनार बांगड्या? कावळ्याच्या पायात चढवायल्यास का?"

"कावळ्याचं माप न्हाई माझ्याजवळ. तुमचंच घेऊ का?"

भुजंग हसला आणि हसण्याचा खोकला झाला. तो थांबेपर्यंत कडूबाईनं टोपली भरली. खाली भाताचा पेंढा, त्याच्यावर बांगड्या, वर फडकं. आणि पेंढ्याच्या खाली, बुडाशी, तीन चिंध्यांच्या तीन गाठोड्या.

भुजंगाला ठाऊक होतं. गावातल्या साऱ्या बायांना ठाऊक होतं. बोलत कुणीच नसे.

निजामशाहीतल्या फसली तेराशे बावन्न सालचा तो भादवा. इंग्रज सायबाची कुठंतरी लांब लढाई चालू होती, आणि तिच्यापायी चांदीचा भाव असा चढला होता की आजपर्यंत कोनाड्यात पडलेल्या तुटक्या वाळ्याकडे बाया नव्या नजरेनं बघायला लागल्या होत्या. एकेकट्या जोडव्यांना, कडी गेलेल्या साखळीला, चेपलेल्या गोटाला सोनार हाली शिक्क्याचे रुपये मोजत होता. पण बाईनं सोनाराच्या दुकानाची पायरी चढली की चार माणसं विचारणार, घरात काय कमी पडलं. म्हणून ही तुटकी चांदी, मोड, न्यायची ती कासारणीच्या टोपलीतून. कासारणीला कुठल्याही घरात परसदारानं वाट असते. ती बाईचा हात हातात घेऊन बसते, आणि तेवढ्यात काय इकडचं तिकडं झालं ते हातालाच ठाऊक.

कडूबाई अकरा वर्षं हे करत आली होती आणि तिच्या दोन रीती होत्या. एक म्हणजे गाठ सोडायची नाही. ज्या चिंधीत मोड आली तीच चिंधी सोनपेठेत बन्सीधर सोनारापुढं ठेवायची, गाठ त्यानं सोडायची, तिच्यादेखत तोलायचं, आणि पैसे त्याच चिंधीत बांधून परत. दुसरी रीत म्हणजे घराचं नाव सांगायचं नाही. सोनारालाही नाही, नवऱ्यालाही नाही. चिंध्या तिला ओळखू येत. हिरव्या काठाची देशपांडीण, भुरक्या खणाची माळीण. अकरा वर्षांत एक आणा इकडचा तिकडं गेला नव्हता.

काल, षष्ठीला, ती सोनपेठेला जाऊन आली होती. आज पैसे पोचवायचे होते. पहिलं घर नर्मदाबाईचं.

नर्मदाबाई अंगणात सुपानं उडीद पाखडत होती. डोळे अधू, पण कान असे की शेजारच्या घरात कुणी पाण्याचा तांब्या आडवा केला तरी कळावं. तिची सून कोकिळा परसात भांडी घासत होती. कोकिळा ही किशनरावाची दुसरेपणाची बायको. पहिली दगडाबाई, ती पटकीच्या साथीत गेली. वर्षाच्या आत कोकिळा आली, आणि लग्नाच्या हळदीच्या अंगानंच तिच्या गळ्यात सवतीचा टाक बांधला गेला.

टाक म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढा चांदीचा पत्रा. त्यावर ठशानं उठवलेली एक उभी बाई. दुसरेपणाच्या बायकोनं मेलेल्या पहिलीला असं गळ्यात वागवायचं, म्हणजे ती संसारात लुडबूड करत नाही. चार घरं सोडून एका घरात हे होतं, त्यात कुणाला नवल नव्हतं.

"कडूबाई, आलीस का," नर्मदाबाई सूप न थांबवता म्हणाली. "कोकिळेच्या हातातल्या दोन बांगड्या पिचल्यात. नवमीला सवाष्ण जेवायला हाय. तिच्यासाठी बी हिरव्या आन. आन् घासाघीस करू नको, पितरांत भांडन बरं न्हाई."

"मी कधी भांडले, वैनी?"

"भांडत न्हाईस. भाव सांगून गप बसतीस. ते भांडनाहून वंगाळ."

कडूबाई परसात गेली. कोकिळेचा ओला हात पदरानं पुसून तिनं मांडीवर घेतला. पिचकी बांगडी फोडली, नवी चढवताना बोटं आवळली, आणि दुसऱ्या हातानं चिंधी कोकिळेच्या ओच्यात सरकवली. नेहमीचं काम. एवढ्यात अंगणातून आवाज आला.

"कोकिळे, परवा अहेव नवमी हाय. उद्या दिवा लागायच्या आत दगडीचा टाक काढून दे माझ्याकडं. चिंचेनं घासून ठेवते."

अहेव नवमी म्हणजे सवाष्णपणी मेलेल्या बायांची तिथी. त्या दिवशी टाकाला न्हाऊ घालतात, हळदकुंकू वाहतात, पुरणाचा निवद दाखवतात.

कडूबाईच्या हातातली बांगडी अर्ध्यावर थांबली. कोकिळेच्या गळ्यातला काळा दोरा चोळीत गेलेला होता. पण तो ताणलेला नव्हता. खाली काही लोंबत नसलं की दोरा जसा वाकडातिकडा पडतो तसा पडला होता. आणि कडूबाईला बन्सीधराच्या दुकानातलं कालचं दिसलं. ह्याच चिंधीतून निघालेला तुटका वाळा, दोन जोडवी आणि कडी मोडलेला, मळानं काळा पडलेला एक टाक.

तो तिनं पाहिला होता. पाहून काही वाटलंच नव्हतं. नवरात्राच्या आधी देव्हाऱ्यातले झिजलेले टाक मोडीत देऊन लोक नवे करतात. असेल देवीचा, म्हणून ती बघत राहिली आणि बन्सीधरानं तो वाळ्याबरोबर ताजव्यात टाकला.

"कोकिळे," ती ओठ न हलवता म्हणाली, "टाक कुठंय?"

"तुमाला ठाव हाय की, मावशी."

"मला?"

"तुमीच नेला."

अंगणात सूप फट् फट् वाजत होतं. कोकिळा खाली बघत बोलत राहिली, जसं काही बांगडीच दुखतीय.

"सात वर्सं झाली. नवं लुगडं आलं की घडी आधी तिला लावायची, मग मी नेसायची. पैला घास तिला. दोनदा पोट गेलं, तर दगडी रुसली. म्हैस आटली, तर दगडी रुसली. मालक खेकसले तर म्हनतात, दगडी असं करत न्हवती. मला वाटलं मुशीत गेली की गेली. म्हनावं, घाटावर दोरा तुटला."

"आन् मग?"

"मग काय? सुटले."

"सासू तुझी दुसरा करंल. चांदी महाग हाय म्हनून मागं सरनारी हाय का ती? चांगला जाड करंल, पुन्यांदा तुटू नये म्हनून."

कोकिळेनं मान वर केली. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. सात वर्षं विचार केला होता तो टाक जाण्याचा. गेल्यावर दुसरा येईल, हे तिला एकदाही सुचलं नव्हतं.

"आन् आधी घाटावर धुंडतील," कडूबाई म्हणाली. "घावला न्हाई की मोजतील, घरात कोन कोन आलतं. कोन आलतं, कोकिळे?"

कडूबाईनं बांगडी चढवली, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणाच्या तरी हाताला ओरखडा काढला.

घरी येताना तिचे पाय चिखल बघत नव्हते. शेजारच्या गावची एक बोहारीण तिला आठवत होती. कुणाच्या नथीचा आळ आला, दोन दिवस तिला चावडीपुढं बसवून ठेवलं. नथ तिसऱ्या दिवशी तांदळाच्या गाडग्यात सापडली. तरी पुन्हा तिला कुणी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. आणि कडूबाई तर नुसती बोहारीण नव्हे. हिच्या पेंढ्याखाली अर्ध्या गावाच्या चिंध्या. एका घरानं दार लावलं की सगळी लागणार. मग भुजंगानं खांबाला टेकून काय खायचं?

रात्रभर ती कूस बदलत राहिली. अष्टमीच्या सकाळी, भुजंगाला शिळी भाकरी वाढून, ती सोनपेठेच्या वाटेला लागली. वरच्या मुलखातल्या पावसानं गोदागंगेला फुगवटा होता, ओढ्यात पाणी उलटं चढलं होतं, म्हणून वरच्या पांदीनं वळसा. वाटेत दोघी-तिघींनी हाक मारली, "कडूबाई, येवढ्या घाईनं कुठं?" ती नुसता हात हलवायची. एरवी उभी राहिली नाही असं कधी झालं नव्हतं, आणि ते बायांच्या ध्यानात राहील हेही तिला कळत होतं. पण थांबवत नव्हतं.

बन्सीधर सोनार शेगडीपुढं उकिडवा बसून फुंकणीनं निखारे फुलवत होता. निखाऱ्यांत मूस लाल झाली होती. त्यानं एक डोळा वर केला.

"कासारीनबाई, परवा आलात, आज परत? चांदी काय तुमच्या अंगनात उगवायलीय का?"

"मुशीत काय हाय?"

"तुमचं काय हाय त्यात?"

"परवाची मोड."

"ती कवाच पानी झाली. पाथरीच्या सावकाराची कडी करायलोय त्याची."

कडूबाई पायरीवरच बसली. उन्हातून आलेली, घाम मानेवरून पाठीत उतरत होता.

"त्यात एक टाक व्हता."

"टाक?" बन्सीधरानं फुंकणी खाली ठेवली. "टाक कोन घालतंय मुशीत, पितरांच्या पंधरवड्यात? माझा बाप घालत न्हवता, त्याचा बाप घालत न्हवता. घट बसले की मग. जिते देनेकरी परवडतात बाई, मेलेल्यांशी बखेडा कोन करंल?" त्यानं मागं हात घालून मातीचं एक वाडगं पुढं सरकवलं. चिंचेच्या काळपट पाण्यात चांदी चमकत होती. "हे घ्या. वळखा आन् न्या."

कडूबाईचा जीव खाली बसला, आणि लगेच पुन्हा वर आला. वाडग्यात अकरा टाक होते.

बन्सीधरानं ते एकेक करून फडक्यावर मांडले. घोड्यावरचा देव, त्रिशूळवाली देवी असे पाच बाजूला काढले. सहा राहिले. सहाही बाया. चिंचेनं मळ गेलेला, सगळ्या सारख्याच पांढऱ्या. सगळ्यांचे हात अंगालगत, सगळ्यांचे डोळे दोन ठिपके. चौघींच्या कड्या मोडलेल्या.

"ठसा येकच हाय," बन्सीधर म्हणाला. "माझ्या आज्यापासूनचा. ह्या मुलखातल्या समद्या सवती ह्याच्यातनंच निघाल्यात. नाक निराळं कुनाचं न्हाई. घर सांगा, कोनत्या घरी जाड दिला न् कोनत्या घरी पातळ, कदाचित आठवंल मला."

"घर सांगत न्हाई मी."

"मग निवडा. मला घाई न्हाई, सावकाराला हाय."

कडूबाईनं चौघींना पुढं ओढलं. दगडाबाईला ती ओळखत होती. नवी नवरी म्हणून आली तेव्हा तिला पहिला चुडा हिनंच भरला होता. आणि ती गेली तेव्हा, सवाष्ण गेली म्हणून, तिच्या हातात हिरव्या बांगड्या चढवायलाही हिलाच बोलावलं होतं. हात ताठरलेला होता. तेल लावून, बोटं एकेक करून दाबून, कडूबाईनं एकही बांगडी न फोडता चुडा भरला होता. तो हात तिला अजून आठवत होता: मनगटाचं हाड बाहेर आलेलं, करंगळी वाकडी. तोंड आठवत नव्हतं. कितीही डोळे मिटले तरी हातच येत होता, आणि टाकावरच्या बायांना तर हात असून नसल्यासारखे.

त्यांतले दोन जास्त झिजलेले तिनं उचलले. एक ह्या मुठीत, एक त्या मुठीत. उजव्या मुठीतला आधी तापला.

"हा," ती म्हणाली.

"नक्की?"

"तुमी तोला."

बन्सीधरानं तोलला, नवी कडी डागून दिली, आणि परवा घेतलेल्या भावाहून वरचा भाव सांगितला.

"घेताना येक, देताना येक?"

"मधी दोन दिस मी त्याला सांभाळलं की. न्हाऊ घातलं."

कडूबाईनं कनवटीचा रुपया आणि वर चार आणे दिले, आणि ते पुरले नाहीत म्हणून त्याच्या बायकोसाठी डझनभर बांगड्या. मग उठून, वाडग्यात परत पडणाऱ्या तिघींकडे तिनं एकदा बघितलं आणि पदर डोक्यावर ओढला.

परतीच्या वाटेवर टाक तिनं चार वेळा मुठीत उघडून बघितला. कधी वाटायचं, हीच. कधी वाटायचं, ही तर ताडकळसाकडची कुणी असावी.

दिवस कलायच्या सुमाराला कोकिळा आडावर एकटी भेटली. कडूबाईनं दोऱ्यात टाक ओवला आणि तिच्या गळ्यात बांधला. कोकिळेनं तो चोळीच्या आत सोडला, जरा उभी राहिली, आणि मग अंगठ्यानं वरून चाचपला. एकदा. पुन्हा एकदा.

"मावशी, ही ती न्हाई."

"कशावरनं म्हनतीस? कडी नवी हाय, म्हनून वाटत आसंल."

"कडीचं न्हाई. ती इथं, खालच्या कोपऱ्याला टोचायची. सात वर्सं टोचली. हितं घट्टा पडलाय माझ्या. ही टोचत न्हाई."

कडूबाईला दोर, बादली, आड सगळं एकदम लांब गेल्यासारखं झालं. आता उद्या नर्मदाबाईला हे कळलं की आलंच सगळं.

"मग कोन हाय ही?" कोकिळेनं विचारलं.

"ठाव न्हाई. देवाशपत ठाव न्हाई. सहाजनी व्हत्या. तोंडं येकसारखी."

"दुसऱ्याच कुनाची सवत?"

"आसंल."

कोकिळेनं पदराचं टोक तोंडात धरलं, आणि तिचे खांदे हलायला लागले. रडतीय वाटून कडूबाई पुढं झाली, तर ती हसत होती.

"मग ऱ्हाऊ द्या," कोकिळा म्हणाली. "हिचं माझं काय वाकडं हाय? हिनं कुठं माझं घर बगितलंय?" तिनं भरली घागर एका दमात डोक्यावर घेतली. "हिला मी पुरनपोळी बी घालीन."

नवमीला कडूबाई सवाष्णीला बांगड्या भरायला नर्मदाबाईच्या ओसरीवर बसली होती. आत पाटावर टाक होता. नर्मदाबाईनं त्याला दूध, पाणी घातलं, पुसला, आणि मग तो डोळ्यांजवळ नेऊन दाराच्या उजेडात धरला. बराच वेळ धरला. कडूबाईच्या हातात सवाष्णीची चार बोटं होती, ती तिनं आवळली, आणि सवाष्ण म्हणाली, "आगं दुखतंय."

"दगडे," नर्मदाबाई टाकाला म्हणाली, "लय झिजलीस ग बाई. वळखू बी येईनास." मग कोकिळेकडे वळून, "पुढल्या साली नवाच करू."

"नगं आत्याबाई," कोकिळा म्हणाली. "सवय झालीय हिची. हीच बरी हाय."

सासूनं सुनेकडं जरा नवलानं बघितलं. सात वर्षांत असे शब्द ऐकले नव्हते. तिनं हळदकुंकू वाहिलं, निवद फिरवला. कुणा दुसऱ्याच घरची, कुणा दुसऱ्याच गावची मेलेली बाई पुरणपोळी जेवत होती, आणि दगडाबाई सोनपेठेत चिंचेच्या पाण्यात पडली होती. घट बसायला सात दिवस होते. मग मूस. कडूबाईला मान वर करवेना. पुन्हा जाऊन उरलेल्या तिघी सोडवून आणाव्यात तर कनवटीला दमडी नव्हती, आणि आणून त्यांना ठेवायचं कुठं?

निघताना नर्मदाबाई परसदारापर्यंत आली. असं ती कधी येत नसे. मागं बघून तिनं कमरेची एक चिंधी काढली आणि टोपलीत, बांगड्यांच्या खाली, सवयीच्या हातानं खुपसली. म्हणजे तिलाही जागा ठाऊक होती.

"मोड हाय थोडी. कोकिळेला कळू देऊ नको," ती म्हणाली. "तुझ्याबिगर कुनाच्या हाती द्यावी?"

"व्हय, वैनी."

घरी येईपर्यंत ती चिंधी टोपलीत जड वाटत राहिली. ओसरीवर टोपली उतरवली, तरी कडूबाई उभीच. मग तिनं चिंधी काढली आणि वरूनच बोटांनी चाचपली. काहीतरी गोल, काहीतरी तुटकं. आणि एक चपटं. तिनं पुन्हा चाचपलं. चपटंच.

"काय चाचपायलीस?" भुजंग म्हणाला.

"काय न्हाई."

ती चुलीच्या खोलीत गेली, दाराआड बसली, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्याची गाठ सोडली. आत एक चेपलेला गोट होता, बाळाच्या मनगटाचं कडं होतं, आणि चपटं होतं ते तुटक्या करदोट्याचं पान. तिनं ते उलटं करून, उजेडाला धरून, दोन्ही बाजूंनी बघितलं. बाई नव्हती. मग सगळं परत ठेवून तिनं गाठ मारली. ती पहिल्यासारखी बसेना. तीन वेळा सोडून मारली. दर वेळी एक टोक लांब राही.

बाहेर आभाळ भरून आलं होतं. "आगं, उडीद," भुजंग ओसरीवरून म्हणाला, आणि पुढचं खोकल्यात गेलं. कडूबाईनं चिंधी पेंढ्याखाली सारली, पदर खोचला आणि अंगणात वाळायला पसरलेल्या उडदाच्या शेंगा दोन्ही हातांनी ओढून पोत्यात भरायला लागली.